नाकाबंदीतला आकडा आणि कोर्टातला पुरावा

धुळवडीच्या नाकाबंदीनंतर या महिन्याच्या टपालात एकाच विषयाची पत्रं इतकी आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून हाच विषय घेते: दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला आणि त्यातला बचाव. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभी राहते आणि ते काम मनापासून करते. सरकार पक्षाने प्रत्येक पायरी पुराव्याने सिद्ध करावी, हा आग्रह धरणं म्हणजे माझ्या लेखी बचाव. पुरावा नाहीसा करायला मदत करणं त्यात बसत नाही. काही पत्रांत तशी मदत मागितली आहे, म्हणून हे आधीच सांगितलं.

मानेवाड्याहून एक निवृत्त शिक्षक लिहितात: माझा मुलगा हिंगणा एमआयडीसीत नोकरीला आहे. धुळवडीच्या रात्री लॉ कॉलेज चौकात त्याची मोटारसायकल थांबवली, मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा ४२ आला. गाडी आणि लायसन्स जमा केलं, कोर्टाची तारीख मिळाली आहे. तो म्हणतो, दोनच बिअर घेतल्या होत्या आणि गाडी अगदी सरळ चालवत होतो. ओळखीचे सांगतात, कबूल करा, दहा हजार भरा, विषय संपवा. आम्ही कधी कोर्टाची पायरी चढलो नाही. काय करावं?

काकाजी, दहा हजार भरले की विषय संपतो, हे तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं चुकीचं आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हाच गुन्हा. गाडी सरळ चालली की वाकडी, हा प्रश्न त्यात येत नाही. त्यामुळे ‘मी नीट चालवत होतो’ हे उत्तर कोर्टात उपयोगाचं नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ च्या आधी दंडाची कमाल मर्यादा दोन हजार होती. ही वाढ गाजली, म्हणून लोकांच्या लक्षात दहा हजारच राहिले. पण त्याच कायद्याचं कलम २० वाचायला हवं. १८५ खाली दोषी ठरलेल्याला कोर्टाने किमान सहा महिने गाडी चालवायला अपात्र ठरवायचं आहे, आणि कलमाची भाषा बंधनकारक आहे. मानेवाड्याहून हिंगण्याला रोज जाणाऱ्या मुलाने याचा विचार आधी करावा.

शिवाय कबुली दिली की दोषसिद्धी कायमची नोंदली जाते. पुढे पुन्हा पकडला गेला तर तो दुसरा गुन्हा ठरेल: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत घडला तरच ही वाढीव शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीत ती तीन वर्षांची अट काढून टाकली. नोकरीच्या आणि व्हिसाच्या अर्जांत ‘कधी शिक्षा झाली आहे का’ असा रकाना असतो, तिथेही हे लिहावं लागतं. आणि सिग्नल तोडल्याच्या चलानासारखं पैसे भरून मोकळं होता येत नाही. कलम २०० मध्ये तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे, त्यात १८५ नाही.

तेव्हा पहिल्या तारखेला मुलाने कबुली देऊ नये. वकीलपत्र दाखल करून कागदांच्या नकला मागाव्यात आणि त्या वाचून मग ठरवावं.

सगळ्यात आधी मशीनची चिठ्ठी वाचा. तिच्यावर मुलाचं नाव, वेळ, मशीनचा क्रमांक, सही आहे का? ४२ म्हणजे ४२ काय? काही मशीन १०० मिलिलिटर रक्तातले मिलिग्रॅम दाखवतात, काही टक्के, काही एक लिटर श्वासातले मिलिग्रॅम. एकक लिहिलेलं नसेल तर आकड्याला अर्थच उरत नाही. मशीन रक्त बघत नाही, ते श्वास मोजतं आणि श्वासाच्या २१०० पट अल्कोहोल रक्तात असतं असं धरून आकडा काढतं. हे गुणोत्तर प्रत्येक शरीरात तेवढंच नसतं. म्हणून ३२-३३ आकड्यावर मी जोर लावून भांडते, ४२ वर जपून, आणि ११० आला असेल तर हा मुद्दा काढतच नाही. न्यायाधीशांचा विश्वास एका फुसक्या मुद्द्यावर खर्च केला तर खरा मुद्दा मांडताना तो उरत नाही. चिठ्ठीचा कागद थर्मल असतो. नागपूरच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिला तर महिनाभरात पांढरा पडतो. तुमच्याकडे प्रत असेल तर आजच फोटो काढून ठेवा.

मग मशीनची कुंडली बघायची. कलम २०३ प्रमाणे श्वासाची चाचणी केंद्र सरकारने राजपत्रात मान्य केलेल्या प्रकारच्या यंत्रावरच व्हायला हवी. त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, शेवटची कधी झाली, त्याचं प्रमाणपत्र कुठे आहे, हे आम्ही उलटतपासणीत विचारतो. प्रत्येक माणसाच्या आधी मशीनने रिकाम्या हवेची चाचणी घेऊन शून्य दाखवायला हवं, नाहीतर आधीच्याच्या श्वासाचा अंश पुढच्याच्या आकड्यात मिसळतो. केरळ उच्च न्यायालयाने एका प्रकरणात याच शून्यावर बोट ठेवलं आहे. धुळवडीच्या रात्री एका चौकात एकामागून एक माणसं फुंकत असतात, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. मुलाला हेही विचारा, की थांबवण्याआधी शेवटचा घोट कधी घेतला होता. तोंडातलं ताजं अल्कोहोल पहिली पंधरा-वीस मिनिटं आकडा फुगवतं, आणि ते रक्तातलं नसतं.

आता दोन तासांबद्दल. ‘मेडिकल दोन तासांत झालं नाही, केस गेली’ असं मला जवळजवळ प्रत्येक पक्षकार सांगतो. कलम २०२ काय म्हणतं ते नीट बघा. १८५ साठी अटक केली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाही झाली तर त्या माणसाला कोठडीतून सोडायचं. म्हणजे उशिराचा थेट परिणाम अटकेवर होतो, खटला आपोआप पडत नाही. तरी उशीर मोलाचा आहे. रक्तातलं अल्कोहोल दर तासाला १०० मिलिलिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं, आणि पोटातलं शेवटचं पेय रक्तात पुरतं उतरायला अर्धा ते दीड तास लागू शकतो. त्यामुळे तीन तासांनी घेतलेल्या रक्तावरून गाडी चालवतानाचा आकडा सांगायला तज्ज्ञाला अंदाज करावा लागतो, आणि तो अंदाज किती पक्का, हे विचारायचा आरोपीला हक्क आहे.

तुमच्या पत्रात रक्ताचा उल्लेख नाही. नुसत्या श्वासाच्या चाचणीवरही शिक्षा होऊ शकते, कारण तिचा निकाल कायद्याने पुरावा म्हणून ग्राह्य आहे. रक्त घेतलं असेल तर मात्र आणखी कागद येतात, आणि बहुतेक खटले तिथेच जिंकले किंवा हरले जातात. सुई टोचण्याआधी त्वचा कशाने पुसली? स्पिरिटने पुसायला नको. बाटलीत सोडियम फ्लोराइड होतं का? नसेल आणि नमुना उष्णतेत राहिला तर जंतूंमुळे अल्कोहोल कमी होऊ शकतं, आणि काही वेळा नवं तयारही होतं. लाखेचं सील कोणाचं, लेबलवर सही कोणाची, ठाण्यात नमुना किती दिवस आणि कुठे ठेवला, प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत कोणत्या शिपायाने नेला, आणि तिथे पोचला तेव्हा सील शाबूत होतं का. सीए रिपोर्टच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाच्या, पहिल्या ओळींतच सीलची स्थिती लिहिलेली असते. आकडा बघायच्या आधी मी ती वाचते.

एका दुचाकीस्वाराचा खटला सांगते. बाटलीच्या लेबलवर रक्त घेतल्याची वेळ रात्री ११.४० होती. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये तो माणूस आत आल्याची नोंद १.१५ ची. डॉक्टर साक्षीला आले, प्रामाणिक माणूस, त्यांनी कबूल केलं की लेबल त्यांनी लिहिलेलं नाही. मग बाटलीत कोणाचं रक्त होतं? त्या प्रश्नाला सरकार पक्षाकडे उत्तर नव्हतं आणि आरोपी सुटला. तो त्या रात्री प्यायला होता की नाही, मला माहीत नाही. पण चुकीच्या लेबलवर एकाला शिक्षा झाली तर उद्या न प्यायलेल्यालाही होईल, आणि हा धोका मला तुमच्या मुलाच्या दहा हजारांपेक्षा मोठा वाटतो.

कागद चोख निघाले, आकडे एकमेकांशी जुळले, तर मी पक्षकाराला स्पष्ट सांगते की कबुली द्या. पहिला गुन्हा, नोकरी, कोणाला इजा नाही, हे कोर्टापुढे ठेवून कैद न देता दंडावर निभावण्याची विनंती करता येते. गाडी मात्र तोपर्यंत ठाण्याच्या आवारात ऊन खात ठेवू नका. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा गाडी हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवण्याचा अर्ज लगेच करता येतो. आणि गुन्हा जामीनपात्र आहे, तेव्हा अटकेच्या भीतीने घरात रडारड नको.

पारडीहून एका ताईंचं नवऱ्याबद्दलचं पत्र, त्यांच्याच शब्दांत: माये मालक ट्रॅव्हल्सची गाडी चालवतात. खोकल्याचं औषध घेतलं होतं. मानकापूर चौकात पोलिसाइनं मशीन लावली तं त्याइनं फुकलंच नाई, भेव वाटलं म्हणते. मंग ठाण्यात नेलं, दवाखान्यात रक्त काढलं. आता लायसन आरटीओत पाठवलं म्हणते. लायसन गेलं तं आमचं घर कसं चालन? वकिलाचे पैसे कोठून देऊ?

ताई, पैशांचं आधी सांगते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि फौजदारी खटल्यांसाठी लोकअभिरक्षक कार्यालय आहे. तिथे वकील मोफत मिळतो. बायकांना उत्पन्नाची अट नसते, पण खटला तुमच्या मालकांवर आहे, म्हणून अर्ज त्यांच्या नावाने करावा लागेल. अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर त्या आधारावर, नसतील तर उत्पन्नाच्या आधारावर. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला आणि कोर्टाचा कागद घेऊन जा. लाजू नका, तो हक्क आहे.

मशीनमध्ये न फुंकल्याने त्यांचं नुकसान झालं आहे, ते किती ते समजून घ्या. कलम २०५ प्रमाणे चाचणीला नकार दिला आणि त्याला सबळ कारण नसेल, तर तो नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी गोष्ट धरता येतो. भीती वाटली हे कारण कोर्ट सहसा मानणार नाही. दमा आहे, तोंडाला जखम होती, असं कागदावर दाखवता आलं तर वेगळं. पण नकार हा दुसऱ्या पुराव्याला टेकू आहे, तो एकटा उभा राहत नाही. त्यांचं रक्त घेतलेलं आहे, तेव्हा सगळं सीए रिपोर्टवर ठरेल. रिपोर्ट ३० च्या खाली आला तर न फुंकल्याने गुन्हा सिद्ध होत नाही.

खोकल्याच्या औषधाचं प्रामाणिकपणे सांगते. काही औषधांत अल्कोहोल असतं, होमिओपॅथीच्या अर्कांतही असतं. पण चमचाभर औषधाने रक्तातला आकडा जवळपास हलत नाही. त्याचा परिणाम तोंडात, तोही काही मिनिटं. म्हणजे हा बचाव श्वासाच्या चाचणीत, घोट घेतल्यावर लगेच फुंकलं असेल तर कामाचा. रक्ताचा रिपोर्ट ७० आला तर बाटली आणि बिल दाखवून काही साधणार नाही. मालकांना एकांतात नीट विचारा आणि जे खरं असेल ते वकिलाला सांगा. पक्षकाराचा खोटा तपशील साक्षीत उघडा पडला की वकिलाने बांधलेला बाकीचा बचावही त्याच्याबरोबर जातो.

लायसन्सचं: पोलीस ते जप्त करून आरटीओकडे पाठवतात, हे कलम २०६ मध्ये आहे. पण आरटीओला ते परस्पर रद्द करता येत नाही. कलम १९ प्रमाणे आधी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. नोटीस आली की फेकू नका आणि तारीख चुकवू नका. लेखी उत्तर द्या: रिपोर्ट अजून आलेला नाही, खटला बाकी आहे, घर याच कमाईवर चालतं, आजवर अपघात नाही. विरुद्ध आदेश झाला तर ३० दिवसांत अपील आहे. फार जण ही नोटीस गादीखाली ठेवतात आणि अपिलाची मुदत गेल्यावर माझ्याकडे येतात. तुम्ही तसं करू नका, ताई.

रविनगरचे एक गृहस्थ विचारतात: मी दारूला शिवत नाही, पण मधुमेही आहे. साखर वाढल्यावर श्वासाला वास येतो. मशीन मला दारुडा ठरवेल का?

शक्यता कमी आहे, शून्य नाही. मधुमेह फार बिघडला की शरीरात कीटोन तयार होतात आणि श्वासात ॲसिटोन येतं. जुन्या, अर्धवाहक सेन्सरच्या मशीन त्याला फसू शकतात. फ्युएल सेल पद्धतीच्या मशीनवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. तसं झालं तर हुज्जत घालू नका, मशीन ढकलू नका. ठाण्यात पुन्हा श्वास देण्याची संधी कायद्याने मिळते, ती घ्या. आणि रक्ताची तपासणी स्वतःहून मागा, शक्यतो लेखी. अटक झालेल्या माणसाची डॉक्टरकडून तपासणी करायची आणि अहवालाची प्रत त्याला द्यायची, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. न प्यायलेल्या माणसासाठी रक्ताइतका चांगला साक्षीदार नाही. एवढी साखर चढलेली असेल तर तसंही तुम्हाला दवाखान्यात जाणं निकडीचं आहे.

वर्धा रोडवरून एका मामांचं पत्र आलं. हे उत्तर मी छपाईची वाट न बघता त्यांना फोनवर दिलं, इथे इतरांसाठी देते. भाच्याने रात्री पार्टीहून येताना सायकलवाल्याला धडक दिली. सायकलवाल्याच्या मांडीचं हाड मोडलं. भाचा घाबरून गाडी घेऊन निघून आला. मामांचा प्रश्न असा: घरचा ड्रायव्हर गाडी चालवत होता असं दाखवता येईल का? आणि भाच्याने एक-दोन दिवस बाहेरगावी राहिलं तर तपासणीत काही येणार नाही ना?

मामा, ड्रायव्हरला उभं करू नका. हे मी तुम्हाला वकील म्हणून सांगते आणि माणूस म्हणूनही. महिन्याच्या पगारावर राबणाऱ्या माणसाच्या डोक्यावर तुमच्या भाच्याचा गुन्हा ठेवणं हा दुसरा आणि पहिल्याहून हलका नसलेला गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत खोटा पुरावा तयार करणं, पुरावा नाहीसा करणं, पोलिसांना खोटी माहिती देणं, या प्रत्येकाला वेगळी शिक्षा आहे, आणि त्यात भाच्याबरोबर तुम्हीही आरोपी व्हाल. मोबाइल कोणत्या टॉवरखाली होता, चौकातल्या कॅमेऱ्यात स्टिअरिंगमागे कोण दिसतं, हे तपासायला आता फार वेळ लागत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्याच वर्षी आपल्या नागपूरच्या रामझुला पुलावर दोन तरुणांचा जीव गेला आणि रक्त उशिरा घेतल्याचा प्रश्न शहरभर विचारला गेला. आता अशा प्रकरणात पोलीस, कोर्ट आणि लोक, तिघांचीही नजर पहिल्या काही तासांवर असते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला मदत मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. ती मुदत संपायच्या आत भाच्याला वकिलासोबत ठाण्यात न्या. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, संविधानाचं कलम २०(३) त्याच्या पाठीशी आहे. पण रक्त देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. शरीरावरचे आणि शरीरातले पुरावे या संरक्षणात येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९६१ चा काठी कालू ओघड खटल्यातला निकाल त्या बाजूचा आहे. तेव्हा बोलू नका, पण रक्त द्या.

त्याला बचाव नाही असं नाही. प्यायलेला होता एवढ्यावरून बेदरकारपणा आपोआप सिद्ध होत नाही. तो वेगळा सिद्ध करावा लागतो. दिवे होते का, सायकलला मागे रिफ्लेक्टर होता का, रस्त्याच्या मधोमध काम चालू होतं का, ब्रेकच्या खुणा कुठे आहेत, घटनास्थळाचा पंचनामा केव्हा केला. हे सगळं तुमच्या वकिलाने आठवडाभरात पाहायला हवं, कारण कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं. ते जपून ठेवण्याचा अर्ज कोर्टात लगेच द्या. भाचा खरोखर सावध चालवत असेल तर तेच चित्रण त्याच्या कामी येईल.

सायकलवाल्याचा जीव वाचला, यासाठी देवाचे आभार माना. मृत्यू झाला असता तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत, आणि परिस्थितीनुसार कलम १०५ खाली सदोष मनुष्यवधाचा खटला झाला असता. मुंबईत नोव्हेंबर २००६ मध्ये कार्टर रोडच्या फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांचा जीव गेला. त्या प्रकरणात, म्हणजे ॲलिस्टर परेरा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाचीच शिक्षा कायम ठेवली.

विम्याचंही तुम्ही विचारलं आहे. रक्ताची तपासणी झाली नाही तर विमा कंपनीला काही सिद्ध करता येणार नाही, असं तुम्हाला वाटतं. २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एका पोर्शे गाडीचा अपघात झाला होता. त्या पर्ल बेव्हरेजेसच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं, की चाचणी नसली तरी वास, अपघाताची पद्धत आणि इतर परिस्थितीवरून चालक दारूच्या अमलाखाली होता हे कंपनी दाखवू शकते. दावा नाकारला गेला तो गेलाच. फौजदारी खटल्यात शंकेचा फायदा आरोपीला मिळतो, विम्याच्या वादात मापदंड तेवढा कडक नसतो. जखमीची भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरणात ठरेल. विमा कंपनीने ती आधी भरली तरी नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. गाडी तुमच्या नावावर आहे, मामा.

दवाखान्याचा खर्च तुम्ही उचलला तर तो गुन्ह्याची कबुली ठरेल, ही भीती मनातून काढा. पावती घ्या, वकिलाला सांगा, पण पैसे आजच पाठवा. त्या घरात कमावता माणूस अंथरुणाला खिळला आहे.

बुटीबोरीहून एक तरुण: राहायला वर्ध्यात, नोकरी बुटीबोरीत. नागपूर जिल्ह्यातल्या बारमध्ये परवान्याने प्यालो आणि वर्ध्याच्या हद्दीत पकडलं. आकडा २६ आहे, मग गुन्हा कसा?

मोटार वाहन कायद्याचा गुन्हा २६ वर होत नाही. पण वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि तुमच्यावर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली कारवाई झाली असावी. कागदावर कलम ६६ (दारू पिणं किंवा बाळगणं) आहे की ८५ (सार्वजनिक ठिकाणी नशेत असणं), ते बघा. ६६ च्या पोटकलमात रक्तातलं प्रमाण ०.०५ टक्के किंवा जास्त, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम असेल तर निर्दोष असल्याचा भार आरोपीवर जातो. तुमचा आकडा त्याच्या जवळपास निम्म्यावर आहे, तेव्हा भार सरकार पक्षाकडेच राहतो. परवाना आणि बारचं बिल सांभाळून ठेवा, कुठे प्यालात हे त्यावरून दिसेल. पंचनाम्यात ‘तोंडाला वास, डोळे लाल, तोल जात होता’ अशी छापील वाक्यं असतील. १९७१ च्या बच्चूभाई करयानी खटल्यात, तोही मुंबईतला आणि याच कायद्याचा, सर्वोच्च न्यायालयाने रक्त-लघवीच्या तपासणीशिवाय अशा लक्षणांवरून ठाम निष्कर्ष काढायला नकार दिला होता. तो निकाल तुमच्या वकिलाला दाखवा.

धरमपेठेतून एक वाचक: गाडी बंद करून मागच्या सीटवर झोपलो होतो. पोलिसांनी काच वाजवली, फुंकायला लावलं आणि १८५ लावलं. हे बरोबर आहे का?

कलमात ‘चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना’ असे शब्द आहेत. झोपणं यात येत नाही. पण पोलीस म्हणतील की तुम्ही तिथपर्यंत चालवत आलात. तेव्हा हे जमवा: गाडी तिथे किती वाजता लावली, किल्ली कुठे होती, इंजिन गरम असल्याची नोंद पंचनाम्यात आहे का, शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तुम्ही मागे बसताना दिसता का, मित्राला ‘घ्यायला ये’ असा मेसेज किंवा टॅक्सीचं बुकिंग केलं होतं का. मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. दुकानदाराला आजच भेटा.